कॉईल बदलली, तरी पाणी गारच: घरच्या दुरुस्तीनंतर गीझरमधली चूक कशी शोधावी

डिसेंबर-जानेवारीत साताऱ्यात पहाटेचा गारठा वाढला की मला येणारे फोन साधारण एकाच धाटणीचे असतात. “दादा, काल कॉईल मीच बदलली. लाल दिवा लागतोय, पण पाणी गारच.” नाहीतर, “बटण दाबलं की सगळ्या घराची लाईट जाते.” वाड्यात तांब्याचा बंब होता तेव्हा दुरुस्ती म्हणजे राख काढायची, जाळी झटकायची आणि ढलप्या घालायच्या. गीझरमध्ये पाणी, पत्रा आणि २३० व्होल्ट एकाच पिंपात असतात. तिथली चूक डोळ्यांना दिसत नाही, म्हणून ती क्रमाने शोधावी लागते.

स्वतः दुरुस्ती करणाऱ्यांना मी नावं ठेवत नाही. मीही आयटीआयला जाण्याआधी घरचा मिक्सर उघडूनच शिकलो. पण एक गोष्ट मनात पक्की धरा. दुरुस्तीनंतर गीझर चालत नसेल, तर बहुतेक वेळा दोष नव्या कॉईलमध्ये नसतो. झाकण उघडल्यापासून परत लावेपर्यंत आपला हात जिथे जिथे लागला, तिथे तो असतो. म्हणून बाजारातून दुसरी कॉईल आणण्याआधी आपल्याच हातांचा माग काढत उलटं यायचं.

हा लेख विजेवरच्या, टाकीच्या गीझरसाठी आहे: १० ते २५ लिटरचा, भिंतीवर टांगलेला. गॅस गीझर आणि सोलरच्या बॅकअप कॉईलची गोष्ट वेगळी.

आधी वीज पूर्ण तोडा

बाथरूमबाहेरचं बटण बंद करणं पुरेसं नाही. ते बटण बरेचदा एकच वायर तोडतं, आणि वायरिंग उलटं असेल तर न्यूट्रल (परतीची वायर) तुटून फेज (वीज आणणारी वायर) तसाच गीझरपर्यंत जिवंत राहतो. मेन बोर्डावरचा गीझरचा एमसीबी (जादा करंट गेला की आपोआप पडणारं बटण) खाली करा, पिन उपसता येत असेल तर पॉवर प्लगही उपसा. एमसीबीवर कागद चिकटवा, “काम चालू आहे, लावू नये.” घरात सगळ्यांना तोंडानेही सांगा. आत स्क्रू फिरवत असताना बाहेरून कुणीतरी “लाईट का गेली?” म्हणत एमसीबी वर करतं, आणि अपघात होतात ते असेच.

मग टेस्टर. टेस्टर आधी चालू सॉकेटवर लावून तो जळतोय याची खात्री करा, मग गीझरच्या टर्मिनलवर लावा, मग पुन्हा चालू सॉकेटवर. तिन्ही वेळा हवं तसं दिसलं तरच आत हात घाला. पायात कोरडी रबरी चप्पल, फरशी पुसलेली, हात कोरडे. पाणी तापलेलं असेल तर तासभर थांबा.

काय काय केलं ते कागदावर लिहा

हे काम लोकांना फालतू वाटतं. पण मी कुणाच्याही घरी गेलो की आधी हेच विचारतो. टाकी रिकामी केली का? किती वायरी सोडवल्या? थर्मोस्टॅट (पाणी ठरावीक तापलं की वीज तोडणारा भाग) बाहेर काढला होता का? प्लग उघडला होता का? कॉईल जुन्याच वॅटची आणली का? दुरुस्तीआधी मोबाईलवर फोटो काढला असेल तर तो आता समोर ठेवा. नसेल, तर झाकणाच्या आतल्या बाजूला बऱ्याच गीझरमध्ये जोडणीचं चित्र चिकटवलेलं असतं, ते पाहा.

पहिला प्रश्न: टाकीत पाणी आहे का?

कॉईल बदलायला टाकी रिकामी करावीच लागते. नवीन बसवल्यावर वरचा कॉक उघडला आणि लगेच बटण दाबलं, तर टाकी अजून भरलेली नसते. पाण्याबाहेर उघडी राहिलेली कॉईल काही मिनिटांत लाल होऊन जळते. दुकानात परत येणाऱ्या ‘खराब निघालेल्या’ कित्येक कॉईल अशा कोरड्या जाळलेल्या असतात.

योग्य पद्धत अशी: वीज बंद ठेवून गार पाण्याचा कॉक उघडा, बाथरूममधला गरम पाण्याचा नळ पूर्ण सोडा. आधी हवा फुसफुसत येईल, मग अडखळत पाणी, मग सलग धार. धार सलग झाल्यावरही मिनिटभर वाहू द्या. मगच नळ बंद करा आणि फ्लँजच्या, म्हणजे कॉईल बसवलेल्या, नटांनी आवळलेल्या तबकडीच्या कडेला कोरडा कागदी रुमाल फिरवून बघा. कागद ओला झाला तर गॅस्केट (तबकडीखालचं रबर) नीट बसलेलं नाही. जुनं गॅस्केट परत वापरलं की हे हमखास होतं. नट एकाच बाजूने आवळत गेलात तरीही होतं. समोरासमोरचे नट थोडे थोडे आवळत जायचे. इथून झिरपलेला एक थेंब टर्मिनलवर पडला तरी पुढे सांगितलेले बिघाड सुरू होतात.

दिवा लागतो, पाणी तापत नाही

सगळ्यात जास्त येणारी तक्रार हीच. बऱ्याच गीझरमध्ये एक दिवा फक्त वीज आली एवढंच सांगतो. कॉईलपर्यंत ती पोचली की नाही, ते त्या दिव्याला ठाऊक नसतं. विजेची वाट साधारण अशी असते: फेज आधी कटआउटमध्ये, तिथून थर्मोस्टॅटमध्ये, मग कॉईलच्या एका टोकाला, आणि दुसऱ्या टोकातून न्यूट्रलने परत. काही गीझरमध्ये कटआउट दोन्ही वायरी तोडतो. या वाटेवर कुठेही खंड पडला की पाणी गार.

एमसीबी बंद करा आणि आधी कटआउट बघा. त्यावर लहानसं, बहुधा लाल, बटण असतं. पाणी मर्यादेबाहेर तापलं की कटआउट वीज तोडतो आणि हाताने दाबेपर्यंत परत जोडत नाही. दाबल्यावर ‘टक्’ आवाज आला तर तो तुटलेला होता. पण तो का तुटला, हे शोधल्याशिवाय खूश होऊ नका. दुरुस्तीनंतर याची दोनच कारणं मला वारंवार सापडतात. एक, टाकी रिकामी असताना गीझर चालू केला. दुसरं, थर्मोस्टॅटची दांडी किंवा तांब्याच्या बारीक नळीचं टोक आपल्या खोबणीत पूर्ण आत गेलेलं नाही. टोक बाहेर राहिलं की त्याला पाण्याची उष्णता कळतच नाही. पाणी उकळायला लागतं आणि शेवटी कटआउट वाचवतो. एकदा दाबून पुन्हा तुटला तर दाबत बसू नका. आणि कटआउटच्या दोन वायरी एकत्र जोडून तो टाळायचा सल्ला कुणीही दिला, अगदी वायरमनने दिला, तरी ऐकू नका. बंद टाकीत उकळणारं पाणी टाकी फोडू शकतं.

कटआउट ठीक असेल तर कॉईल मोजा. तीनशे-चारशे रुपयांचा साधा मल्टिमीटर चालतो. कॉईलच्या दोन्ही वायरी सोडवा, मीटर २०० ओहमवर ठेवा. मीटरची दोन टोकं आधी एकमेकांना टेकवून किती दाखवतो ते बघा आणि तेवढं नंतर वजा करा. २००० वॅटची कॉईल साधारण २६ ओहम दाखवते, ३००० वॅटची १७-१८, १५०० वॅटची ३५ च्या आसपास. थोडाफार फरक चालतो. मीटर काहीच दाखवत नसेल तर आतली तार तुटली, म्हणजे बहुधा कोरडी जळली. आकडा बरोबर आला तर कॉईल निर्दोष आहे, नवीन आणू नका. दोष वायरीत, थिंबलमध्ये (वायरीच्या टोकाला दाबून बसवलेल्या धातूच्या तुकड्यात), थर्मोस्टॅटमध्ये किंवा कटआउटमध्ये आहे. प्रत्येकाच्या दोन टोकांत मीटर लावून बघा. गार पाण्यात थर्मोस्टॅट शून्याजवळ दाखवायला हवा. त्याची चकती कमीवर फिरलेली नाही ना, तेही बघा. झाकण लावताना ती बरेचदा फिरते.

पाणी तापतं, पण फार वेळाने

इथे गणित कामाला येतं. १५ लिटर पाणी २० अंशांवरून ६० अंशांपर्यंत न्यायला २००० वॅटच्या कॉईलला साधारण २१ मिनिटं लागतात, २५ लिटरला ३५ मिनिटं. यापेक्षा थोडं जास्त लागलं तर ते पत्र्यातून निघून जाणारी उष्णता. पण दुप्पट वेळ लागत असेल तर आधी व्होल्टेज बघा. कोरेगाव, वाई किंवा कऱ्हाडच्या बाजूच्या गावांत एकाच ट्रान्सफॉर्मरवर पाण्याच्या मोटारी चालू असतात तेव्हा व्होल्टेज १८० पर्यंत उतरलेलं मी मोजलं आहे. कॉईलची ताकद व्होल्टेजच्या वर्गाने घटते. १८० व्होल्टवर २००० वॅटची कॉईल जेमतेम १२०० वॅट देते आणि त्याच १५ लिटरला ३४ मिनिटं लागतात. तिथे तुमच्या दुरुस्तीचा काही दोष नाही. सगळ्या आळीत दिवे मंद असतील तर महावितरणच्या १९१२ या क्रमांकावर तक्रार नोंदवा.

दुसरं कारण क्षार. शहरात कास तलावाचं पाणी येतं तिथे हा त्रास कमी. पण बाहेरच्या नव्या वसाहतींत, जिथे सगळं बोअरवर आहे, तिथे जुनी कॉईल काढल्यावर तळाशी पांढऱ्या खपल्यांचा थर निघतो. तो न काढता नवीन कॉईल बसवली तर ती पहिल्या दिवसापासून गाळात बसते. फ्लँज उघडा असतानाच हात घालून, पाणी मारून तळ साफ करा.

एमसीबी लगेच पडतो

बटण दाबताच एमसीबी पडला तर कुठेतरी सरळ शॉर्ट आहे. पुन्हा पुन्हा वर करून बघू नका. झाकण उघडा आणि तीन जागा पाहा: थिंबल फिरून पत्र्याला टेकलंय का, दोन थिंबल एकमेकांना लागलेत का, झाकणाच्या कडेखाली वायर चिमटली जाऊन सोललीय का. स्क्रू आवळताना थिंबल स्क्रूबरोबर फिरतं, म्हणून ते बोटाने धरून आवळायचं.

दहा-पंधरा मिनिटांनी पडत असेल तर गोष्ट निराळी. २००० वॅटला साधारण ९ अँपिअर लागतात, ३००० वॅटला १३. दुकानदाराने ‘जास्त पॉवरची’ म्हणून दिलेली ३००० वॅटची कॉईल १० अँपिअरच्या एमसीबीवर टिकणार नाही. यावर मोठा एमसीबी लावणं हा उपाय नव्हे, कारण भिंतीतली वायर तीच राहते. गीझरच्या लाईनला तांब्याची किमान २.५ चौरस मिलिमीटर वायर, १६ अँपिअरचा एमसीबी आणि १६ अँपिअरचंच सॉकेट लागतं. जुन्या घरांत गीझर कधीकधी दिव्यांच्या लाईनवर जोडलेला सापडतो. तिथे कॉईल तेवढ्याच वॅटची परत बसवा आणि स्वतंत्र लाईन ओढून घ्या.

आरसीसीबी पडतो

ज्यांच्या घरी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी आहे, त्यांच्याकडे चूक लवकर पकडली जाते. हा पडतो म्हणजे वीज अर्थिंगमधून कुठेतरी गळतेय. कॉईलच्या दोन्ही वायरी सोडवून टोकं वेगवेगळी टेपने नीट गुंडाळा, झाकण लावा, मग वीज द्या. आता पडला नाही, तर गळती कॉईलमध्येच. तरीही पडला, तर गळती वायरीत, थर्मोस्टॅटमध्ये किंवा प्लगमध्ये.

कॉईल नवीन असूनही गळते, यावर लोकांचा विश्वास बसत नाही. कॉईलच्या नळीत तारेभोवती पांढरी पूड ठासलेली असते. दुकानात पावसाळाभर पडून राहिलेल्या कॉईलच्या टोकांतून त्या पुडीत दमट हवा शिरते. कॉईलचं टोक आणि तिची धातूची नळी यांमध्ये मल्टिमीटर सगळ्यात मोठ्या ओहमवर लावा. काहीही आकडा दाखवला तर ती वापरू नका. मीटरने काहीच दाखवलं नाही तरी शंका असेल तर वायरमनकडून ५०० व्होल्टच्या मेगरने (गळती तपासायच्या मीटरने) तपासून घ्या. एक मेगाओहमपेक्षा कमी आलं तर कॉईल परत करा.

आरसीसीबी ‘त्रास देतो’ म्हणून काढून टाकणाऱ्यांच्या घरी मी हात जोडून तो परत बसवायला लावतो.

पाणी छान तापतंय, आणि तरीही चूक आहे

आता जे सांगतो ते या लेखातलं सगळ्यात महत्त्वाचं. तीन चुका अशा आहेत की गीझर उत्तम चालतो, पाणी वेळेत तापतं, घरचे कौतुक करतात, आणि धोका भिंतीवर टांगलेला राहतो.

पहिली चूक: अर्थिंगची वायर जोडायचीच राहिली. दुसरी: फेज आणि न्यूट्रल उलटे. तिसरी, आणि सगळ्यात वाईट: न्यूट्रल आणि अर्थिंगची अदलाबदल. यात कॉईलचा सगळा करंट घराच्या अर्थिंगमधून जमिनीत जातो आणि गीझरचा पत्रा न्यूट्रलला जोडला जातो. न्यूट्रल कुठे जरा सैल झाला की गीझरचा पत्रा, त्याला जोडलेले लोखंडी पाईप, नळाची तोटी, सगळ्यांवर व्होल्टेज चढतं. आरसीसीबी असेल तर तो ही चूक लगेच पकडतो. नसेल तर ती कळते अंगाला.

साताऱ्याच्या करंजे भागात एका वहिनींनी मला बोलावलं तेव्हा गीझर बिघडलेलाच नव्हता. “भाऊ, नळाखाली हात धरला की मुंग्या आल्यासारखं होतं. हे म्हणतात, थंडीमुळे असेल.” त्यांच्या मालकांनी जळलेला प्लग टॉप बदलला होता आणि हिरवी वायर न्यूट्रलच्या पिनेला गेली होती. त्या घरात पाच वर्षांची मुलगी रोज त्याच नळाखाली अंघोळ करत होती. त्या दिवसापासून मी पाणी तापतंय की नाही हे सगळ्यात शेवटी बघतो. नळाला, पाण्याला, पत्र्याला जराशी जरी चुणचुण लागली तरी अंघोळ थांबवा, एमसीबी बंद करा आणि कारण सापडेपर्यंत तो गीझर वापरू नका.

अदलाबदल होते ती रंगांमुळे. उपकरणांच्या वायरीत तपकिरी फेज, निळी न्यूट्रल, हिरवी-पिवळी अर्थिंग. घरच्या जुन्या वायरिंगमध्ये लाल फेज, काळी न्यूट्रल, हिरवी अर्थिंग. आणि जिथे तीन फेजचं कनेक्शन आहे तिथे लाल, पिवळी आणि निळी या तिन्ही फेजच्या असतात. म्हणजे भिंतीतून आलेली निळी वायर जिवंत असू शकते. रंगावर विसंबू नका, तपासा. सॉकेटकडे तोंड करून उभं राहिलं तर वरचं मोठं भोक अर्थिंगचं, उजवीकडचं फेजचं, डावीकडचं न्यूट्रलचं.

अर्थिंगची तपासणी वीज बंद ठेवूनच करता येते. प्लग उपसा. मीटरचं एक टोक प्लगच्या मोठ्या पिनेला, दुसरं गीझरच्या उघड्या धातूला, म्हणजे फ्लँजच्या नटाला लावा. रंगावर लावू नका. शून्याजवळचा आकडा यायला हवा. मग बाकीच्या दोन पिना आणि तोच नट: इथे मीटरने काहीही दाखवता कामा नये. एवढ्या दोन मिनिटांत तिन्हींपैकी दोन चुका पकडल्या जातात. फेज-न्यूट्रल उलटे आहेत का, ते उघडलेल्या प्लगमध्ये वायरी डोळ्यांनी बघून कळतं.

प्लग बरोबर असला तरी घराचं अर्थिंग मुळात आहे का, हा वेगळा प्रश्न. साताऱ्यात मुरूम आणि काळ्या खडकावर बांधलेल्या घरांत अर्थिंगचा खड्डा उथळ असतो आणि एप्रिल-मेमध्ये कोरडा पडतो. नुसत्या मीटरने व्होल्टेज पूर्ण दिसतं, पण भार पडला की ते अर्थिंग टिकत नाही. ही चाचणी चालू विजेवर करावी लागते, म्हणून ती परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या. खड्ड्यात उन्हाळ्यात आठवड्याला दोन बादल्या पाणी मात्र तुम्हीही ओतू शकता. सांगलीतल्या माझ्या मेहुण्यांकडे २०१९ च्या पुरानंतर उलटा प्रकार झाला होता. खड्डा ओला होता, पण बुडालेल्या बोर्डात गाळ भरून सॉकेटमधली अर्थिंगची पट्टी गंजली होती. पाण्याखाली गेलेलं सॉकेट पुसून वापरू नये, बदलावं.

जळका वास

वास प्लगपाशी येत असेल तर पिनेचा स्क्रू सैल आहे किंवा सॉकेटची पकड गेली आहे. गीझरमधून येत असेल तर थिंबल नीट दाबलेलं नाही. आतल्या वायरी उष्णता सोसणाऱ्या असतात, त्यावर काचेच्या धाग्याचं किंवा सिलिकॉनचं आवरण असतं. तिथे साधी वायर पिरगळून, काळी टेप गुंडाळून जोड दिला तर टेप वितळतेच. जोड द्यायचाच नाही, पूर्ण लांबीची वायर घालायची.

चालू करून पाहताना

सगळं तपासून झाल्यावर झाकण लावा, मग एमसीबी, मग बटण. बाथरूममध्ये कुणी नको. पाच मिनिटं चालवून बंद करा, प्लग उपसून पिना हाताला लागतात का बघा. कोमट चालतील, चटका बसणाऱ्या नाहीत. मग पुन्हा लावून पूर्ण तापू द्या आणि थर्मोस्टॅट आपोआप तोडतो का ते ऐका. तापताना सेफ्टी व्हॉल्व्हमधून थोडे थेंब येतात, ते पाणी फुगल्यामुळे. तो व्हॉल्व्ह कधीही बुजवू नका. आतून खदखद आवाज आला किंवा नळातून वाफ आली तर वीज बंद करा आणि निवेपर्यंत हात लावू नका. आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबा. तो पडला पाहिजे.

पहिले आठ दिवस पाणी तापवा, बटण आणि एमसीबी दोन्ही बंद करा, मगच अंघोळीला जा. कुणाला शॉक बसलाच तर त्याला हात लावून ओढू नका. आधी मेन बंद करा, नसेल जमत तर कोरड्या लाकडाने वेगळं करा आणि १०८ ला फोन लावा. श्वास थांबला असेल तर रुग्णवाहिकेची वाट न बघता छाती दाबायला सुरुवात करा.

टाकीच गळत असेल, फ्लँजच्या नटांचे आटे गेले असतील, कटआउट दुसऱ्यांदा तुटला असेल किंवा गळती कुठून होतेय ते सापडत नसेल, तर काम तिथेच थांबवून वायरमनला बोलवा. त्याला तो कागद दाखवा, ज्यावर तुम्ही काय काय सोडवलं ते लिहिलंय. त्याचा अर्धा तास वाचेल.

आणि गीझर नीट चालू झाला की झाकणाच्या आत एक चिठ्ठी चिकटवा: तारीख, कॉईल किती वॅटची, मोजलेले ओहम, कुठली वायर कुठे.